हसायला परवानगी लागते

31 मार्च 2006 च्या शुक्रवारी अमेरिकेत दोन चित्रपट एकदमच लागले. एक होता ‘आइस एज’चा दुसरा भाग. पोराबाळांना घेऊन लोक त्याला गेले आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने सुमारे 6 कोटी 80 लाख डॉलर गोळा केले. दुसरा होता ‘स्लिदर’. एका आडगावात उल्का पडते, तिच्यातून आलेला जीव गावातल्या एका श्रीमंत माणसाच्या पोटात शिरतो आणि मग हजारो लाल, बुळबुळीत जळवा लोकांच्या तोंडात घुसायला लागतात. फुटलेली पोटं, उभी चिरलेली शरीरं, आणि या सगळ्या चिखलात उभं राहून पात्रांची एकमेकांशी चाललेली टवाळी. तीन दिवसांत या चित्रपटाला 40 लाखही गाठता आले नाहीत. बनवायला दीड कोटी डॉलर लागले होते, जगभरातून मिळून आले सुमारे 1 कोटी 28 लाख. थोडक्यात, आपटला.

गंमत अशी, की समीक्षकांनी तो उचलून धरला होता. ज्यांनी पाहिला त्यांच्यातले बरेच जण खूश होऊन बाहेर पडले. तरीही लोक गेले नाहीत, आणि गेलेल्यांपैकी काही जण नाक मुरडत परतले. अशा वेळी चित्रपटवेड्यांच्या मैफिलीत एक उत्तर तयारच असतं: ‘पब्लिकला कळला नाही.’ मला या उत्तराचा राग येतो. तिकिटाचे पैसे मोजून अंधारात बसलेल्या माणसाला भीती कधी वाटावी आणि हसू कधी यावं, हे त्याचं शरीर ठरवतं. तिथे कळण्या-न-कळण्याचा प्रश्न फार उशिरा येतो. ‘स्लिदर’च्या बाबतीत प्रेक्षक चुकला नाही. त्याला दारातच चुकीचं सांगितलं गेलं.

चित्रपटाचं पोस्टर आठवून बघा. टबात आंघोळ करत पडलेली मुलगी आणि तिच्याकडे चहूबाजूंनी सरपटत निघालेल्या जळवा. पोस्टर म्हणून झकास. पण त्यात हसण्याची एक रेघही नाही. ते बघून जो आत गेला तो घाबरायला गेला. त्याच्या पुढ्यात काय आलं? गावावर प्रलय आलेला असताना महापौर कशावरून शिव्या घालतोय, तर त्याच्या आवडीचं थंड पेय गाडीत ठेवलेलं नाही यावरून. पोलीसप्रमुख बिल मोठ्या ऐटीत हातबाँब काढतो, राक्षस एका फटक्यात तो पोहण्याच्या तलावात उडवतो आणि आपल्या वीराचा बार पाण्यात फुकट जातो. ज्याला काळीज धडधडवून घ्यायचं होतं, त्याला वाटलं आपली टिंगल चालली आहे. उलट, मित्रांनी ‘अरे, विनोदी आहे’ म्हणून ओढून नेलेला जो होता, त्याने अर्ध्या तासात पॉपकॉर्नचा डबा खुर्चीखाली सरकवला. एकाच थिएटरात दोघेही नाराज, आणि कारणं एकमेकांच्या नेमकी उलट.

दोन वर्षं आधी इंग्लंडमधून आलेल्या ‘शॉन ऑफ द डेड’चं पोस्टर याच्या शेजारी ठेवा. त्यात नायक एका हातात फुलांचा गुच्छ आणि दुसऱ्या हातात क्रिकेटची बॅट घेऊन उभा आहे, आणि ही झोंबी असलेली प्रेमकथा-विनोदिका आहे हे खालच्या ओळीत सरळ लिहिलेलं. रक्त त्यातही भरपूर आहे. एका पात्राची आतडी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बाहेर ओढली जातात. पण हसायची परवानगी तिकीटखिडकीवरच मिळालेली असल्यामुळे लोक निर्धास्त होते. कमी पैशांत बनलेल्या या चित्रपटाने खर्चाच्या कितीतरी पट कमावले.

परवानगी हा शब्द मी जाणून वापरतोय. समोर माणूस मरतोय आणि आपल्याला खुदकन हसू येतंय, ही अवस्था सभ्य माणसाला अवघड वाटते. तो आधी शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी हसला की मग आपण. रिकाम्या थिएटरात हा चित्रपट म्हणूनच मार खातो. दहा-बारा माणसं दूरदूर बसलेली, प्रत्येक जण दुसऱ्याच्या हसण्याची वाट बघतोय आणि पडद्यावर ब्रेंडा फुगत चालली आहे.

ब्रेंडाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ‘स्लिदर’ पाहिलेल्या माणसाला दुसरं काही आठवलं नाही तरी ती आठवते. ग्रँटच्या म्हणजे त्या श्रीमंत गृहस्थाच्या शरीरात परग्रहवासी शिरलाय आणि आता त्याला पिलावळ वाढवायची आहे. तो ब्रेंडाला गाठतो आणि एका ओसाड कोठारात ठेवून तिला मांस पुरवत राहतो. पोलीस पोचतात तेव्हा तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला मांसाचा गोळा आहे आणि त्याच्या मधोमध ब्रेंडाचा छोटासा, घामाघूम, बिचारा चेहरा. ती किंचाळत नाही. तिला फक्त प्रचंड भूक लागली आहे. जवळ पडलेलं मेलेलं जनावर जरा इकडे द्या, अशी विनंती ती अतिशय अदबीने करते. ब्रेंडा जेम्स या अभिनेत्रीने त्या अवजड नकली देहातून फक्त चेहऱ्याने जे केलंय ते बघाच. पुढच्या क्षणी ती फुटते आणि जळवांचा पूर येतो. पण फुटण्याच्या आधीचं ते अर्धं मिनिट असं आहे की कीव, किळस आणि हसू तिन्ही घशात एकदम अडकतात.

ठाण्यात एका मित्राच्या घरी आम्ही सहा-सात जण हा चित्रपट बघत होतो. नेमक्या याच प्रसंगाला त्याची आई चहा घेऊन आली. क्षणभर पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अगं बाई, हिला कुणी डॉक्टरकडे का नेत नाही?” आम्ही सोफ्यावरून खाली पडायचे बाकी होतो. काकू मग तिथेच बसल्या. शेवटाकडे गावातली सगळी झपाटलेली माणसं एकाच मेंदूने चालायला लागतात आणि जो तो ग्रँटच्या बायकोला, स्टार्लाला, तिच्या नवऱ्याच्या तोंडची वाक्यं ऐकवू लागतो: लग्नाच्या शपथांची आठवण, प्रेमाची गळ, सोडून गेल्याची तक्रार. तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, “हे मात्र खरं भयानक आहे हं.”

दिग्दर्शक जेम्स गनला हवी होती ती दाद एवढीच. जळवा आणि सोंडा फुटलेला राक्षस हे सगळं वरचं. आतली थट्टा आहे ती मालकी हक्काने प्रेम करणाऱ्या नवऱ्याची. ग्रँट हळूहळू माणूसपण गमावत एका ढिगाएवढा होतो, पण बायकोवरचा जीव काही सुटत नाही. मायकेल रूकरने ही भूमिका इतक्या गांभीर्याने केली आहे की राक्षसाचा संसार मोडल्याचं आपल्याला वाईट वाटतं. ज्यांना हा चित्रपट नुसता ‘घाण’ वाटला त्यांच्याशी माझं भांडण नाही. ज्याचं पोट ढवळतं त्याच्याशी वाद घालून उपयोग काय? पण या घाणीखाली पटकथा शाबूत आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या काव्यशास्त्राने हा पेच फार पूर्वी हेरला होता. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी भयानक रसाचा उगम बीभत्सात दाखवला. म्हणजे भय आणि किळस यांची सोयरीक जुनीच. पण पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांची भांडणं सांगितली, त्यात हास्य आणि भयानक हे एकमेकांचे वैरी ठरवले. शृंगाराचं आणि बीभत्साचंही असंच वाकडं. ‘स्लिदर’ने ही दोन्ही वैरं एकाच खोलीत कोंडली. विश्वनाथ त्या शुक्रवारच्या खेळाला असता तर मध्यंतराची वाट न बघता उठला असता, असं मला उगाच वाटतं.

एक गट वेगळ्याच कारणाने चिडला होता. भयपटांचे जाणकार म्हणाले, हे तर 1986 च्या ‘नाइट ऑफ द क्रीप्स’सारखंच आहे. त्यातही अवकाशातून आलेल्या जळवा तोंडावाटे शिरतात आणि माणसांची झोंबी होतात. साम्य आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. गनने आपल्यावरचा प्रभाव म्हणून डेव्हिड क्रोनेनबर्गच्या ‘शिव्हर्स’चं नाव घेतलं होतं, आणि तो 1975 चा, म्हणजे दोघांच्याही आधीचा. या जातीच्या चित्रपटांत घराणं सांगायला बसलं तर पहाट होईल. शिवाय ‘नाइट ऑफ द क्रीप्स’ही आपल्या वेळेला तिकीटबारीवर आपटलाच होता. चोरी म्हणावी, तर ती बुडीत खात्यातली.

परग्रहवासी आणि विनोद यांची सांगड घालून गनपेक्षा मोठ्या माणसाने त्याहून मोठा फटका खाल्ला होता. टिम बर्टनचा ‘मार्स अटॅक्स!’ डिसेंबर 1996 मध्ये लागला. त्याच वर्षीच्या जुलैत ‘इंडिपेंडन्स डे’ येऊन गेला होता आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः विमानात बसून परग्रहवासीयांशी लढतो हे बघत अमेरिकेने टाळ्या पिटल्या होत्या. सहा महिने उलटले नाहीत तोच बर्टनने काय दाखवलं? राष्ट्राध्यक्ष झालेला जॅक निकोल्सन शांततेचं भाषण ठोकतो, मंगळवासी डोळे पुसून हस्तांदोलन करतो, त्याचा तो खोटा हात निखळतो, सरपटत जाऊन अध्यक्षाला आरपार भोसकतो आणि छातीतून मंगळाचा झेंडा वर येतो. ताज्या देशभक्तीवर हा असला विनोद! अमेरिकेत त्याने पावणेचार कोटी डॉलरच्या आसपास मजल मारली, म्हणजे खर्चाच्या जवळपास निम्मी. देशाबाहेर मात्र त्याहून कितीतरी जास्त कमावले. दुसऱ्याचा राष्ट्राध्यक्ष मरताना हसायला कुणाच्या परवानगीची गरज नसते.

आणि ज्याने परवानगीची फिकीरच केली नाही असा एक. पीटर जॅक्सन. न्यूझीलंडमध्ये वर्तमानपत्रात नोकरी करता करता, शनिवार-रविवारी मित्रांना जमवून, चार वर्षं खपून त्याने ‘बॅड टेस्ट’ बनवला. परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजले. कथा अशी, की अवकाशातल्या एका खाद्यपदार्थांच्या साखळीला माणसाच्या मांसाची नवी चव बाजारात आणायची आहे, म्हणून त्यांनी एक गाव संपवलंय. नायकांपैकी एकाची कवटी फुटते, मेंदू बाहेर यायला लागतो, तर तो गडी कमरेचा पट्टा डोक्याला आवळून पुढे लढायला जातो. वेश बदलून परग्रहवासीयांच्या गोतावळ्यात शिरलेल्या दुसऱ्याला ओकारीने भरलेलं पातेलं हातोहात येतं आणि त्यालाही त्यातला घोट घ्यावा लागतो. नावातच ‘वाईट चव’ असल्यामुळे कुणी फसवलं म्हणून ओरडू शकत नव्हतं. प्रेक्षकाला सगळं आधीच कबूल होतं. कबूल नव्हतं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याला. त्यांनी 1990 मध्ये या चित्रपटावर बंदी घातली. पुढे याच माणसाच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला अकरा ऑस्कर मिळाले, हे बहुतेकांना ठाऊक असतंच.

आपल्याकडे परग्रहवासी आले ते बहुधा गोड बनून. रक्तामांसाचा विनोद मराठीत फार नाही. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू 1993 मध्ये आला तेव्हा पोरं पांघरुणात तोंड लपवूनही हसत होती, पण त्यात रक्ताचा सडा नव्हता, आणि पडद्यावर लक्ष्या दिसला की पुढचा हशा ठरलेलाच. खरी परीक्षा झाली 2022 मध्ये, आदित्य सरपोतदारच्या ‘झोंबिवली’त. चावे, ओरबाडणं, माणसांचे लोंढे, सगळं होतं. तरी प्रेक्षक गोंधळला नाही, कारण ते नाव ऐकताच डोंबिवलीतला माणूस आधी हसला आणि मग तिकीट काढलं. सात वाजून अमुक मिनिटांच्या लोकलला लोंबकळणाऱ्याला झोंबींची गर्दी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. या सरपोतदारनेच पुढे ‘मुंज्या’ केला आणि त्याला देशभर गर्दी झाली. भयविनोद चालत नाही, हे गृहीतक तेव्हाच निकालात निघालं.

‘स्लिदर’ आता ‘कल्ट’ म्हणून ओळखला जातो. हे बिरुद मला थोडं संशयास्पद वाटतं. बुडालेल्या चित्रपटाला नंतर घातलेली शाल असते ती. पण इथे एक गोष्ट खरी घडली. डीव्हीडीवर, घरोघरी, चार टवाळ मित्रांच्या संगतीत तो पाहिला गेला आणि जे थिएटरात जमलं नाही ते दिवाणखान्यात जमलं. शेजारी कोण बसणार हे तिथे आधीच ठरलेलं असतं. जेम्स गनचं तर काही बिघडलं नाही. 2014 मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’त त्याने एका संग्राहकाच्या दालनात ‘स्लिदर’ची जळू ठेवून दिली आणि रूकरलाही सोबत घेतलं. आज सुपरमॅनच्या कंपनीचा कारभार त्याच्या हाती आहे.

तेव्हा वाचकहो, बघायचा असेल तर एकट्याने बघू नका आणि जेवताना तर अजिबात नको. पोरांना झोपवा. ज्याचं पोट हळवं आहे त्याला आधी स्पष्ट सांगा, फसवून बसवू नका. आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून लगेच उठू नका, तिच्यानंतर एका मांजराचा प्रसंग आहे.