भुताचं घर कुणाचं?

मैत्रिणींनो, १९८२ सालचा ‘पोल्टरगाइस्ट’ तुमच्यापैकी कित्येकींनी बोटांच्या फटीतून पाहिला असेल. टीव्हीवरच्या मुंग्यांशी बोलणारी ती चिमुरडी आठवते ना? पण चित्रपट दिग्दर्शित केला कुणी, हा वाद काही मिटत नाही बाई! पडद्यावर नाव टोबी हूपरचं. कथा नि निर्मिती स्टीव्हन स्पीलबर्गची. ‘ई.टी.’च्या करारामुळे त्याला तेव्हा दुसरा चित्रपट दिग्दर्शित करता येत नव्हता. तरी स्वारी सेटवर हजर. पुरण एकीनं शिजवलं, पोळ्या दुसरीनं लाटल्या, तशातली गत. (आपल्याकडे श्रेय बहुधा सासूबाईंना जातं!)

ट्रेलरमध्ये स्पीलबर्गचं नाव हूपरपेक्षा मोठं झळकलं, तेव्हा प्रकरण दिग्दर्शकांच्या संघटनेपर्यंत गेलं. हूपरला १५,००० डॉलर भरपाई मिळाली. स्पीलबर्गनं जाहीर पत्रातून त्याचे आभारही मानले.

आता स्वयंपाकघरातला प्रसंग पाहा. आई काहीतरी घ्यायला वळते, कॅमेरा तिच्यामागे. परत येतो तो खुर्च्या टेबलावर एकावर एक रचलेल्या! मध्ये कुठं तोड नाही. तेवढ्या क्षणांत कामगारांनी आधीच रचलेल्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. ही खोडकर, घरगुती भीती मला स्पीलबर्गची वाटते. आणि आरशासमोर स्वतःच्या चेहऱ्याचं मांस ओरबाडणारा तो माणूस? तो मात्र १९७४ च्या ‘टेक्सास चेनसॉ मॅसेकर’वाल्या हूपरचाच, असं तुम्ही म्हणाल. पण गंमत ऐका, त्या दृश्यात ओरबाडणारे हात स्पीलबर्गचे आहेत.