फोटोमागची तारीख

दिवाळीत घुग्घुसला गेलो होतो. कपाट आवरताना बाबांचा फोटो सापडला. नागपूर, मोर्चा, हातात कापडी फलक.

"कधीचा हो?"

"अधिवेशनातला असंल... साल काही ध्यानात नाही बा."

फलकावरची मागणी नेमकी घडीत गेलेली!

हिवाळी अधिवेशन आलं की उपराजधानीत मोर्चे ठरलेलेच. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. त्यांचं नागपुरात स्मारक तरी आहे. बाकीच्या मोर्चांचं काय? २०१८ च्या लाँग मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चाललेल्या शेतकऱ्यांचे सोललेले पाय आपण सगळ्यांनी फोटोत पाहिले. पण कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही त्यांची मागणी किती जणांना आठवते?

माझं मत साधं आहे. फोटोत गर्दी दिसते, मागणी फलकावर असते. आणि फलकाचं नंतर पायपुसणं होतं. आम्ही प्रोग्रामर कोडमध्ये कॉमेंट लिहायचा कंटाळा करतो आणि सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड कळत नाही. तसंच हे.

म्हणून फलकाचा वेगळा फोटो काढा. मागे तारीख, गाव, मागणी लिहा.

मी आता बाबांच्या सोबत्यांना फोन करतोय. फोटोतले दोघंच उरलेत.