आईची बायपास झालीये? टाक्यांसोबत तिची नाडीही बघा

घरात कुणाची बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया झाली, की सगळ्यांचं लक्ष टाक्यांवर असतं. जखम सुकली का, ताप नाही ना, वरणात तूप चालेल का! पण ऑपरेशननंतर, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हृदयाचे ठोके अचानक वेगाने आणि वेडेवाकडे पडू शकतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, थोडक्यात एएफ. शंभरातल्या साधारण २० ते ४० रुग्णांना हे होतं.

हा त्रास पुरुषांना जास्त होतो. मग बायकांनी निश्चिंत राहायचं? अजिबात नाही. अमेरिकेतल्या २१ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात ऑपरेशननंतर एएफ होण्याचा धोका बायकांमध्ये कमी दिसला. पण ज्यांना ते झालं, त्यांच्या बाबतीत पुढच्या वर्षांत मृत्यूचा धोका पुरुषांपेक्षा जास्त वाढलेला होता.

एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथे साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. शिवाय प्रत्येकीला धडधड जाणवतेच असं नाही. कधी फक्त थकवा येतो, जिना चढताना दम लागतो. आणि आपल्याकडच्या आया थकव्याला आजार मानतात कुठे? ‘जरा पडते, बरं वाटेल’ म्हणतील आणि तासाभरात पोळ्या लाटायला उभ्या! मला खरी भीती याचीच वाटते.

म्हणून डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना थेट विचारा, ‘आयसीयूत असताना ठोके अनियमित झाले होते का?’ झाले असतील तर ते कार्डावर लिहून घ्या आणि पुढचा ईसीजी कधी, तेही विचारा. घरी रोज सकाळी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. ठोके मागेपुढे पडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्मार्टवॉचने इशारा दिला तरी ईसीजी काढावाच लागतो.

रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच १०८ ला फोन करा.