भाकिते आणि भ्रमणध्वनी

मला यंत्रांची फार आवड आहे. नवे यंत्र हाती आले, की ते कसे चालते हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे अनेकांना वाटते, की नव्या यंत्राची प्रत्येक जाहिरात मला खरी वाटत असेल. प्रत्यक्षात उलटे आहे. ज्याला सुतारकाम कळते, तो पॉलिश पाहून खुर्ची घेत नाही. तो तिचे सांधे हलवून पाहतो. माझेही तसेच आहे. आवड आहे म्हणूनच मी शंका घेतो.

‘येत्या पाच वर्षांत सारे जग बदलणार’, ‘हे यंत्र नसेल तर तुम्ही मागे पडणार’, अशी वाक्ये आपण रोज वाचतो आणि ऐकतो. ही भाकिते असतात. भाकीत म्हणजे पुढे काय होणार याविषयी केलेले विधान. मराठीत त्याला अंदाज असेही म्हणतात. उर्दूत तुम्ही ‘अंदाजा’ म्हणता. मग असे अंदाज किती खरे ठरतात? आपल्या घराघरांत असलेल्या भ्रमणध्वनीचा, म्हणजेच मोबाइलचा, इतिहास पाहिला तर याचे उत्तर मिळते.

१९९४ साली भारत सरकारने टेलिफोनविषयीचे नवे धोरण जाहीर केले. १९९७ पर्यंत मागेल त्याला टेलिफोन मिळेल आणि देशातील प्रत्येक खेड्यात टेलिफोन पोहोचेल, असे त्यात म्हटले होते. १९९७ साल आले आणि गेले. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वाट पाहणाऱ्यांची रांग काही संपली नाही. मग १९९९ साली दुसरे धोरण आले. या वेळी सरकारने जपून पाऊल टाकले. २००५ पर्यंत दर शंभर माणसांमागे ७ टेलिफोन आणि २०१० पर्यंत १५ टेलिफोन, एवढेच उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात काय झाले? २०१० साली देशात दर शंभर माणसांमागे पन्नासहून अधिक जोडण्या होत्या. काही जणांकडे दोन-दोन जोडण्या होत्या हे खरे. तरीही पंधराचा आकडा केव्हाच मागे पडला होता.

गंमत पाहा. देश तोच, विषय तोच. पाच वर्षांच्या अंतराने दोन अंदाज केले. पहिला फार मोठा ठरला, दुसरा फार लहान.

परदेशांतल्या तज्ज्ञांचेही असेच झाले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एटी अँड टी या अमेरिकेतील मोठ्या टेलिफोन कंपनीने मॅकिन्सी या नामांकित सल्लागार संस्थेला विचारले, की २००० सालापर्यंत किती मोबाइल वापरात असतील? उत्तर मिळाले, नऊ लाखांच्या आसपास. २००० साली एकट्या अमेरिकेत दहा कोटींहून अधिक मोबाइल होते.

हे तज्ज्ञ अडाणी नव्हते. मग त्यांचे चुकले कुठे? त्यांनी त्या वेळचे यंत्र डोळ्यांसमोर ठेवले. १९८३ साली मोटोरोला कंपनीने हातात धरून बोलण्याचा पहिला मोबाइल बाजारात आणण्याची तयारी केली. त्याचे वजन सुमारे पाऊण किलोहून अधिक आणि किंमत ३,९९५ डॉलर होती. बॅटरी भरायला दहा तास लागत आणि बोलता येई जेमतेम अर्धा तास. असे यंत्र कोण घेणार, हा प्रश्न योग्यच होता. पण यंत्र लहान होईल, स्वस्त होईल आणि मग लोक त्याचा वेगळाच उपयोग करू लागतील, हे त्यांच्या हिशेबात आले नाही.

आपल्याकडेही सुरुवात महागडीच होती. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून बोलून या सेवेचा प्रारंभ केला. त्या काळी एका मिनिटाच्या बोलण्याला सोळा रुपयांच्या आसपास खर्च येई. समोरून फोन आला, तरी पैसे आपल्यालाच भरावे लागत! हा श्रीमंतांचा खेळ आहे, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर ते खोटे नव्हते.

मग चित्र पालटले कसे? एखाद्या चमत्काराने नव्हे. १९९९ नंतर कंपन्यांकडून ठरावीक मोठी रक्कम घेण्याऐवजी सरकार त्यांच्या मिळकतीतला वाटा घेऊ लागले. कंपन्यांचा भार हलका झाला. स्पर्धा वाढली, दर उतरले. घरोघर तांब्याची तार नेण्यासाठी रस्ते खोदावे लागत. मोबाइलच्या एका मनोऱ्यावर मात्र आजूबाजूच्या शेकडो घरांचे काम होऊ लागले. २००३ साली आलेला फोन घेणे मोफत झाले. थोड्या थोड्या रुपयांचे रिचार्ज मिळू लागले. ज्याची कमाई रोजची, त्याला खर्चही रोजच्या रोज करता आला.

त्याच २००३ साली नोकिया कंपनीचा ‘११००’ नावाचा साधा मोबाइल आला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदाही नव्हता. पण धूळ आत जाऊ नये अशी त्याची बटणे होती, घामेजल्या हातातून तो सहज निसटत नसे आणि त्याला छोटा टॉर्च होता. जिथे वीज वारंवार जाते, तिथे त्या टॉर्चचे मोल कोणाला सांगावे लागले नाही. जगभर या मोबाइलचे २५ कोटींहून अधिक नग खपले. ‘मिस्ड कॉल’चेही तसेच. पैसे खर्च न करता निरोप देण्याची ही युक्ती कोणत्याही तज्ज्ञाने सुचवली नव्हती. एक घंटी म्हणजे ‘पोहोचलो’, दोन घंट्या म्हणजे ‘खाली ये’. ही भाषा लोकांनी स्वतः तयार केली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. भाकीत करणारा यंत्राकडे पाहतो. वापरणारा मात्र आपल्या खिशाकडे, आपल्या गरजेकडे आणि आपल्या गावाकडे पाहतो. शेवटी खरा निकाल वापरणाराच देतो.

याची उलट बाजूही पाहू. यंत्र उत्तम असूनही फसते, याचे मोठे उदाहरण म्हणजे ‘इरिडियम’. पृथ्वीभोवती ६६ उपग्रह फिरते ठेवायचे आणि वाळवंट असो की समुद्र, कोठूनही फोन करता यावा, अशी ही योजना होती. १ नोव्हेंबर १९९८ रोजी ती सुरू झाली. तिच्यावर सुमारे पाच अब्ज डॉलर खर्च झाले होते. विज्ञानाच्या दृष्टीने ती खरोखर अद्भुत होती. पण फोनची किंमत सुमारे ३,००० डॉलर होती, आणि इमारतीच्या आत तो नीट चालत नसे, कारण त्याला उघडे आकाश लागे. शहरातला माणूस बोलतो घरात, दुकानात, कचेरीत! दरम्यान जमिनीवरचे मनोरे झपाट्याने वाढले. ऑगस्ट १९९९ मध्ये, म्हणजे वर्ष पुरे होण्याआधीच, कंपनीचे दिवाळे निघाले. पुढे नव्या मालकांनी ते उपग्रह अगदी थोड्या किमतीत विकत घेतले. जहाजे, विमाने आणि दुर्गम भागांतली माणसे यांना त्यांचा उपयोग झाला. यंत्र वाईट नव्हते. ‘हे सर्वांसाठी आहे’ हे भाकीत वाईट होते.

यंत्र स्वस्त असले म्हणजे सारे साधते, असेही नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट मोठा गाजावाजा करून दिल्लीत सादर झाला. लवकरच तक्रारी येऊ लागल्या. पडदा बोटाला नीट प्रतिसाद देत नाही, बॅटरी लवकर संपते. ज्या मुलांसाठी तो होता, त्यांच्या शिक्षणाचा कायापालट काही झाला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात झळकली. नोंदणीसाठी लोकांची झुंबड उडाली. त्यातला सुटा माल आणि जोडणी यांचा खर्चच त्याहून कितीतरी अधिक होतो, हे जाणकार सांगत होते. पुष्कळ लोकांच्या हाती तो फोन कधी आलाच नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण उगीच पडली नाही.

आता ‘फाइव्ह-जी’कडे वळू. भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्या जाहिरातीत वेगाचे मोठमोठे आकडे दिसले. त्या आकड्यांमागे एक लहानसा शब्द असतो, तो म्हणजे ‘पर्यंत’. ‘इतक्या वेगापर्यंत’ याचा अर्थ ‘इतका वेग नेहमी’ असा होत नाही. एका मनोऱ्याची क्षमता त्याच्या टापूतले सर्व लोक वाटून घेतात. गल्लीतले सगळे नळ एकाच वेळी सुटले, की प्रत्येकाच्या नळाची धार बारीक होते ना? संध्याकाळी गर्दीच्या रेल्वे स्थानकावर मोबाइलचे तेच होते. पडद्यावर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, तरी चित्र उघडत नाही. त्या रेघा लहरींचा जोर दाखवतात. तुमच्या वाट्याला किती वेग येईल, हे त्या सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट लहरींची. दुरून वरात येत असेल, तर भिंतीआड बसलेल्या आपल्याला ढोल आधी ऐकू येतो, झांज मागाहून. रेडिओ लहरींचेही साधारण असेच असते. कमी कंपनांच्या लहरी दूर जातात आणि भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात. जास्त कंपनांच्या लहरींवर पुष्कळ माहिती पाठवता येते, पण त्या लांब पोहोचत नाहीत आणि भिंतीशी अडखळतात. म्हणून अफाट वेग हवा असेल, तर मनोरे जवळजवळ उभारावे लागतात. ज्या वस्तीत मनोरा दूर आहे, तिथे महागडा मोबाइलही हात टेकतो. निसर्गाचे नियम जाहिरातीने बदलत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या जिव्हाळ्याची आहे. आयफोन २००७ साली बाजारात आला. पण उर्दू मजकूर नस्तालीक वळणात दाखवण्याची सोय त्यात २०१७ साली आली. तोपर्यंत उर्दू वाचकाला नस्ख वळणावर भागवावे लागले. ‘यंत्र सर्वांचे आहे’ असे म्हणणारे आधीपासूनच तसे म्हणत होते. आपली लिपी मात्र दहा वर्षे दाराबाहेर उभी होती. म्हणून ‘सर्वांसाठी’ हा शब्द ऐकला, की त्या ‘सर्वां’त आपण आहोत का, हे विचारावे.

तुम्ही म्हणाल, अशा शंका घेत बसलो तर आपण मागे पडू. ही भीती अगदीच खोटी नाही. शंका घेणारेही चुकतात. २००७ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी आयफोनची किंमत पाहून सांगितले होते, की त्याला बाजारात मोठा वाटा मिळणे शक्य नाही. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. नव्याला हसणे सोपे आहे. नव्यावर भाळणेही सोपे आहे. नव्याची पारख करणे तेवढे कठीण आहे.

ही पारख कशी करावी? मी चार प्रश्न विचारतो. पहिला : हे सांगणारा कोण आहे, आणि मी विश्वास ठेवला तर त्याला काय मिळणार आहे? दुसरा : आजच्या किमतीखेरीज पुढे दर महिन्याला किती खर्च येईल? तिसरा : हे माझ्या गल्लीत, माझ्या घरात, माझ्या भाषेत चालेल का? चौथा : बिघडले तर दुरुस्त कोण करेल, आणि सुटे भाग मिळतील का? या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर यंत्र जरूर घ्यावे.

हे प्रश्न श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक आवश्यक आहेत. श्रीमंताचा अंदाज चुकला, तर यंत्र कपाटात पडते. गरिबाचा चुकला, तर घरातला पैसा जातो. उर्दूत ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. मराठीत ‘हप्ता’ म्हणजे कर्ज फेडण्यासाठी ठरल्या वेळी भरायची रक्कम. शब्द एकच, पण दुसऱ्या अर्थाचे ओझे फार. यंत्रमागावर किंवा शिलाई यंत्रावर राबणाऱ्या आईवडिलांनी मुलाच्या मोबाइलसाठी बारा हप्ते कबूल केले, तर त्यांची वर्षभराची मिळकत त्यात अडकते. तिसऱ्या हप्त्याला ‘याहून चांगला मोबाइल आला’ अशी जाहिरात येते. नव्याचे नऊ दिवस सरतात, हप्ते मात्र सरत नाहीत. मोबाइलवाचून अभ्यास अडतो, हे आज पुष्कळदा खरे असते. पण अभ्यासाला कोणता मोबाइल पुरतो आणि मिरवायला कोणता लागतो, हा फरक मुलांनीच आईवडिलांना सांगितला पाहिजे, कारण घरात त्यांनाच तो अधिक कळतो.

शेवटी एक सोपा प्रयोग सुचवतो. एक वही करा. वर्तमानपत्रात किंवा जाहिरातीत एखादे भाकीत दिसले, की ते तारखेसह लिहून ठेवा. कोणी केले तेही लिहा. शेजारी आपला स्वतःचा अंदाज लिहा. दोन वर्षांनी वही उघडा आणि कोणाचे किती खरे ठरले ते मोजा. इतरांचे मोजाल तसे स्वतःचेही मोजा. त्या वहीतून जी समज येईल, ती कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि तिचा हप्ताही भरावा लागत नाही.