घर एक, संगणक तीन

एकाच घरांत राहणाऱ्या आणि एकाच चुलीवरचें अन्न खाणाऱ्या माणसांनीं एकमेकांशीं अबोला धरावा, तशी स्थिति हल्लीं पुष्कळ घरांतील संगणकांची झाली आहे. आमच्याच घरचें उदाहरण घ्या. आमच्या कामाच्या संगणकावर विंडोज, थोरल्या चिरंजीवांपाशीं मॅक आणि कन्येला दिलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स, अशा तीन ऑपरेटिंग सिस्टिम एका छपराखालीं नांदतात. गेल्या दिवाळींत तीर्थरूपांच्या संग्रहांतील छायाचित्रें व एक लांबलचक चित्रफीत आमच्याकडे न्यावयाची होती. अंतर अवघें दोन खोल्यांचें! एक पेन ड्राइव्ह घेतला, तर तो फॅट-३२ पद्धतीचा. त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावेना. दुसरा एनटीएफएस पद्धतीचा निघाला. मॅकला तो वाचतां येई, पण त्यावर लिहितां येईना. शेवटीं चिरंजीवांनीं सारें कोठल्याशा दूरच्या सर्व्हरवर चढविलें आणि आम्हीं तें तेथून उतरवून घेतलें. शेजारच्या खोलींत निरोप द्यावयास टपालकचेरींत जावें, त्यांतलाच हा प्रकार.

ही भिंत निसर्गानें घातलेली नाहीं. राउटर कोणत्याही यंत्राचा निरोप सारख्याच निष्ठेनें पोहोंचवितो. प्रश्न आहे तो मागण्याच्या व देण्याच्या भाषेचा. विंडोजची यासाठींची भाषा एसएमबी ही होय. तिचा जन्म आयबीएम कंपनींत झाला आणि पुढें मायक्रोसॉफ्टनें ती वाढविली. परंतु तिचें संपूर्ण व्याकरण बाहेरच्यांस उपलब्ध नव्हतें. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींतील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यास आपल्या संगणकावरून युनिक्स यंत्रावरील फाइली हव्या होत्या. त्यानें कुलूप फोडलें नाहीं, कोणाची वहीहि चोरली नाहीं. तारेवरून यंत्रें परस्परांशीं काय बोलतात तें त्यानें टिपून घेतलें आणि कोणत्या प्रश्नास कोणतें उत्तर येतें हें ताडून पाहिलें. तान्हें मूल घरच्यांचें बोलणें ऐकून भाषा शिकतें, तसेंच हें. त्यांतून निघालेला ‘सांबा’ हा प्रोग्राम त्यानें सर्वांस मोफत दिला. (एस, एम, बी हीं अक्षरें क्रमानें येणारा शब्द शब्दकोशांत शोधून तें नांव ठेविलें होतें.)

२००४ सालीं युरोपियन कमिशननें मायक्रोसॉफ्टला ही माहिती खुली करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्यें न्यायालयानें तो उचलून धरला आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत १०,००० युरो भरून सांबाच्या मंडळींस तीं कागदपत्रें मिळालीं. २०१३ सालीं ॲपलनेंहि मॅकसाठीं एसएमबी हीच मुख्य भाषा पत्करली. म्हणजे आज तिन्ही यंत्रांस एक भाषा येते; तरीहि आपण तीं मुकीं ठेवितों, हा दोष आतां कंपन्यांचा नसून आम्हां पालकांचा आहे.

कोणी म्हणेल, दूरचा सर्व्हर आहे तोंवर एवढा खटाटोप कशाला? घराला आग लागली तर उपयोगी पडेल म्हणून तेथें एक प्रत अवश्य असावी. परंतु घरांतल्या घरांत देवघेव करावयास घरचीं छायाचित्रें परक्याच्या स्वाधीन करावीं आणि वर इंटरनेटचा खोळंबा सोसावा, हें आम्हांस पटत नाहीं.

मात्र दार उघडावें तें कडी ठेवूनच. सामाईक फोल्डरास पासवर्ड असावा आणि एसएमबीची जुनी पहिली आवृत्ति बंद ठेवावी. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय हा उपद्रवी प्रोग्राम विंडोजमधील तिच्याच एका दोषावाटे देशोदेशींच्या संगणकांत शिरला होता. फाइलींच्या नांवांचेंहि भान हवें. कन्येनें लिनक्सवर एका फाइलीस ‘सहल: दिवस पहिला?’ असें नांव दिलें. विंडोजला त्यांतील विसर्गासारखीं दोन टिंबें व प्रश्नचिन्ह दोन्ही वर्ज्य! इंग्रजी नांवांत लहान व मोठें अक्षर लिनक्स निराळें मानतें, विंडोज सहसा मानीत नाहीं. देवनागरींत हा तंटाच उद्भवत नाहीं, हें जातां जातां अभिमानानें सांगावेंसें वाटतें.

आमच्या घरीं हें सारें काम कन्येनेंच एका रविवारीं दुपारीं उरकलें. तिच्या जुन्या यंत्रावर आतां सांबा चालतो आणि तीर्थरूपांचीं छायाचित्रें तिन्ही खोल्यांत दिसतात. मातोश्रींनीं तीं सर्व पाहिलीं, आणि मग विचारलें कीं, हें इतकें सोपें होतें, तर दिवाळींत दोन दिवस इंटरनेट कशाला अडवून ठेविलें होतें?