पंपावर पाटी, शेडमध्ये काहीच नाही

चाकणहून नाशिक हायवेला लागलं की कुठल्याही पंपावर बघा. खांबावर मोबाईलवर लाल काट मारलेली पाटी, आणि बऱ्याचदा त्याच खांबाला पैसे भरायचा क्यूआर कोड. आपण मोबाईल काढतो, स्कॅन करतो, "आले का पैसे?" विचारतो आणि गाडी काढतो. वर्गात आम्ही या पाटीबद्दल विचारलं तर दहावीची पोरं हसली. "सर, काही होत नसतं."

पोरं अगदीच चूक नाहीत. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवर लागलेल्या आगींच्या नोंदी गोळा केल्या होत्या. मोबाईलमुळे आग लागल्याचं त्यात एकदाही सिद्ध झालं नाही. अनेक आगींचं कारण निघालं स्थिर विद्युत. पेट्रोल भरता भरता माणूस गाडीत जाऊन बसतो, सीटला कपडे घासतात, परत येऊन नोझलला हात लावतो आणि बारीकशी ठिणगी उडते. पेट्रोलच्या वाफेला तेवढी पुरते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो ना, तीच ही ठिणगी.

पण मग पाटी खोटी का? नाही. साध्या मोबाईलमध्ये बॅटरी असते, तो हातातून पडतो, बॅटरी फुगते, गरम होते. शक्यता लहान आहे, पण जिथे वाफ साठते तिथे लहान शक्यताही नको, एवढाच तिचा अर्थ. आणि दुसरं, स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाचं नोझलकडे लक्ष नसतं. हे कुणी समजावून सांगत नाही. कारण न सांगता लावलेली पाटी लोक पाळत नाहीत, हे आम्हा शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

आमची काळजी पंपाची नाहीच. हीच पोरं दोन-तीन वर्षांत महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या कंपन्यांत कंत्राटावर लागतात. मोठ्या कंपनीच्या गेटवर मोबाईल जमा होतो किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लागतं. पोरांना वाटतं, कंपनीला आपल्यावर भरोसा नाही. स्टिकरचं कारण बहुतेक वेळा गुपित राखणं हेच असतं. पण पेंट शॉपमध्ये आणि थिनरच्या गोदामात कारण वेगळं आहे. तिथे हवेत सॉल्व्हंटची वाफ असते. म्हणून तिथले दिवे, स्विच, मोटारीसुद्धा फ्लेमप्रूफ लागतात. अशा सामानाला मंजुरी देणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था आपल्या नागपुरात आहे. आपल्या खिशातला फोन त्या मंजुरीचा नसतो. एवढं एक वाक्य ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगितलं तर पोरगं मोजात फोन लपवून आत नेणार नाही.

खरा घोर छोट्या शेडचा आहे. तिथे गेट नाही, स्टिकर नाही, पाटी तर नाहीच. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना स्फोट झाले, शेजारी उभ्या असलेल्या स्कूल बस जळाल्या. नशिबाने जीव गेला नाही. बरोबर दोन महिन्यांनी, ८ डिसेंबरला, तळवड्यात केकवरच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. सहा बाया तिथेच गेल्या, पुढे दवाखान्यात आकडा वाढत गेला. त्या कारखान्याला परवानाच नव्हता. या दोन्ही ठिकाणी मोबाईलने आग लावली असं आमचं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की जिथे दारू आणि गॅस उघड्यावर हाताळला जात होता, तिथे "ठिणगी नको" हे सांगणारा माणूस नव्हता. पंपावर मात्र पाटी आहे.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कामाच्या जागेच्या सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. नव्या कामगार संहितेतही तो आहे. आमचा एक माजी विद्यार्थी सांगत होता, त्याने ड्रममध्ये काय आहे विचारलं तर ठेकेदार म्हणाला, "तुला काय करायचंय, उचल." तो उचलत राहिला. घरी अम्मी आणि तीन बहिणी. आम्ही तरी त्याला कुठल्या तोंडाने सोड म्हणणार?

घरातलंही सांगून टाकतो. रात्री गॅसचा वास आला की आपण काय करतो? मोबाईलची टॉर्च लावून शेगडीजवळ वाकतो. एलपीजी हवेपेक्षा जड, ती खाली फरशीवर साचते आणि आपण नेमके तिथेच. दिव्याचं बटण दाबणं तर टॉर्चपेक्षाही वाईट. बटण चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद राहू द्या. जमलं तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, मुलांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच लावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो. नानींना पेसमेकर असेल तर फोन छातीच्या खिशात नको, वीतभर लांब बरा.

पुढच्या पालकसभेत हा विषय आम्ही घेतलाय. ओळखीच्या चार लेबर ठेकेदारांनाही बोलावलंय. ड्रमवर काय लिहिलंय ते पोरांना मराठीत आणि उर्दूत वाचून दाखवा, एवढीच मागणी आहे. दोघांनी येतो म्हणून सांगितलंय.