तिसरे पाऊल

गेल्या महिन्यात आमच्या भाईंदरच्या घरी दुसरी मोटार घेण्याचा विचार निघाला. चिरंजीवांनी आमच्या गुडघ्यांचे निमित्त पुढे केले आणि आम्हीही सोयीस्कर मौन धरले. तोच शाळेचा निबंध लिहीत बसलेल्या नातीने विचारले, "आजोबा, देशाचे पाऊल मोजतात म्हणजे काय करतात हो?"

प्रश्न आला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही, ही मास्तरकीची जुनी खोड. आम्ही सांगू लागलो. माणूस जे खातो, लेतो व जाळतो ते निपजविण्यास आणि त्याचा धूर पचविण्यास किती भूमी व जल लागते, हे हेक्टरांत मांडावयाचे. कॅनडातील विल्यम रीस व त्यांचे शिष्य मॅथिस वॅकरनागेल यांनी १९९० च्या दशकात ही रीत सिद्ध केली. पृथ्वीला दरडोई सुमारे दीड हेक्टर झेपते. अमेरिकेतील मनुष्य सात-आठ हेक्टर व्यापतो. आपल्या देशाची सरासरी मात्र सव्वाच्या आसपास. "आपण हलक्या पावलाचे लोक," असे म्हणून आम्ही मिशीवर हात फिरविला.

"पण आजोबा, त्या सरासरीत आपले घर कोठे बसते?"

आम्ही निरुत्तर झालो. वर्गात एकास ९० गुण आणि नऊ जणांस २०-२० मिळाले तर सरासरी २७ येते. तीवरून ९० वाल्याची कल्पना येत नाही, हे आम्हीच जन्मभर शिकवीत आलो! देशाचे पाऊल हलके आहे ते ज्यांच्या दारी वाहन नाही, घरी यंत्रे नाहीत, त्यांच्यामुळे. ते पुण्य आम्ही आपल्या पदरी बांधून घेत होतो.

वामनाने तीन पावले भूमी मागितली. आमच्यासारख्या सुशिक्षित घरांचीही तीनच पावले आहेत : ऊर्जा, वाहतूक आणि व्यापार.

पहिले पाऊल विजेचे. आमच्या घरातील दिव्यास धूर नाही; पण तो धूर कोठे तरी निघतोच. डहाणूचे कोळशावरील वीजकेंद्र १९९५ साली मुंबईच्या उपनगरांसाठी सुरू झाले. उजेड उपनगरांस आणि राख चिकूच्या बागांशेजारी, अशी ती वाटणी.

दुसरे पाऊल वाहतुकीचे. विजेची लोकल १९३६ साली विरारपर्यंत पोहोचली. एका गाडीत हजारो माणसे जातात. मोटारीत बहुधा एक-दोन. दरडोई इंधनाचा हिशेब करण्यास मास्तर नको. म्हणून मेट्रो आली तर आम्ही तिचे स्वागतच करू. परंतु २०२५ साली येथील डोंगरीस मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा ग्रामस्थ विरोधास उभे राहिले. प्रवास शहराचा, झाडे गावाची!

तिसरे पाऊल व्यापाराचे. भाईंदरची मिठागरे एकेकाळी प्रसिद्ध. भरतीने पाणी आणावे, उन्हावाऱ्याने ते आटवावे, एवढेच त्या मिठाचे इंधन. आज देशातील बहुतेक मीठ गुजरातेतून येते, मसूर कॅनडातून येतो आणि पामतेल इंडोनेशियातून. परदेशी म्हणून सारेच त्याज्य, असे मात्र आम्ही म्हणत नाही. हिंग शतकानुशतके अफगाणिस्तानातून येत आहे. पण तो लागतो चिमूटभर. शिवाय जहाजाने टनभर माल नेण्यास मालमोटारीपेक्षा पुष्कळच कमी इंधन लागते, विमानास सर्वांहून अधिक. तेव्हा केवळ अंतर पाहू नये. किती, कशाने आणि कोणाचे रान तोडून, हेही पाहावे. पामतेलासाठी इंडोनेशियातील विस्तीर्ण अरण्ये तुटली आहेत. वामनाचे तिसरे पाऊल निदान बळीने स्वतः मस्तक पुढे करून घेतले. आमचे पाऊल ज्यांच्या मस्तकी पडते, त्यांस कोणी विचारलेलेही नसते.

मोटारीचा बेत तूर्त रहित झाला आहे. गुडघे दुखतील त्या दिवशी रिक्षा आहेच. एक चूल आणि एक दिवाणखाना यांमुळे एकत्र कुटुंबाचा दरडोई भार आपोआप हलका होतो, हे त्याचे मोठे भूषण. परंतु एका छपराखाली खोलीगणिक वातानुकूलन यंत्र बसले, तर ते भूषण नावापुरतेच उरते. आमच्याही खोलीत तसे एक यंत्र आहे. नातीने त्याविषयी अद्याप विचारलेले नाही; विचारील तेव्हा काय उत्तर द्यावे, याची तयारी आम्ही करीत आहो. वाचकांनीही ती करून ठेवावी.